रोज इको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला करतात?
वर दादांनी विचारलंय की मॉनिटरवर बीपी, पल्स सगळं दिसायलंय तर आयसीयूत रोज इको कशाला, बिल वाढवायला का? तसं नसतंय ओ. मी लातूरला आयसीयूत सिस्टर आहे. नसा आवळल्या की बीपी टिकून राहतंय पण आतून पंपिंग कमी झालेलं असू शकतंय, ते मॉनिटरवर कळत नाही. पूर्वी त्यासाठी मानेतून पार फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत कॅथेटर (बारीक नळी) घालायचे, १९७० साली आलेलं ते स्वान-गँझ कॅथेटर, आता बहुतेक वेळा छातीवर जेल लावून प्रोब ठेवला की दर ठोक्याला किती रक्त बाहेर पडायलंय याचा अंदाज डॉपलरवर (इकोतच रक्ताचा वेग मोजतात ते) येतो. सलाईन द्यायचं का नाही हे ठरवायला तर लई कामाचं. पाठ सपाट करून पाय ४५ अंशावर उचलायचे, पायातलं साधारण ३०० मिली रक्त हृदयाकडं येतंय, मिनिटभरात इकोवर ठोक्यामागचं रक्त १० टक्क्यांच्या वर वाढलेलं दिसलं तर सलाईनचा उपयोग होईल, नाही वाढलं तर उगं फुफ्फुसात पाणी. पाय खाली केले की रक्त परत जागेवर. फक्त व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं चित्र कधीकधी नीट येत नाही, अन् प्रोब धरणाऱ्याचा हात बसलेला पाहिजे. बिलाचं म्हणाल तर दर आधीच विचारा, लाजायचं काय त्यात.