मदत हवी आहे: झाडीतून चालताना समुद्र दिसेल अशी पायवाट सांगा (लवकर)

संत्रापट्टा
तीन दिवसांपासून शोधून राहिलो, जिकडेतिकडे हॉटेलांचेच फोटो. आम्हाला बीचवर बसायचं नाही. झाडीतून पायी जायचं आणि जाता जाता खाली समुद्र दिसला पाहिजे. कोकण, गोवा, कर्नाटक, कुठंही चालेल. पाच जण आहोत, चालायची सवय आहे. तिकिटं काढायची आहेत, आज-उद्यात सांगा.

पायपीट
कधी जाताय? किती दिवस? निघणार कुठून?

घाटवाट
गोकर्ण. दुसरं काही शोधूच नका. गावातल्या किनाऱ्यावरून डोंगर चढून कुडले, पुढे ओम, मग हाफमून, शेवटी पॅराडाइज. दोन किनाऱ्यांच्या मध्ये दरवेळी एक टेकाड आहे. काजू आणि करवंदीच्या जाळीतून चढायचं, माथ्यावर जांभा दगड उघडा पडलेला आणि समोर एकदम पाणी. ओमच्या वरच्या कड्यावरून किनाऱ्याचा ॐ स्पष्ट दिसतो. मी दोनदा गेलोय, तिसऱ्यांदा जाणार.

लाल_नोट
काजू-करवंदं म्हणजे काही सदाहरित जंगल नव्हे. खरं पावसाचं रान थेट समुद्राला टेकलेलं पाहायचं तर अंदमान. चिडिया टापूची मुंडा पहाडाची वाट करा. किंवा माउंट हॅरिएट, २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर आहे. जुन्या लाल २० रुपयांच्या नोटेमागचं माडांचं चित्र तिथूनच दिसणाऱ्या देखाव्याचं. डोक्यावर आभाळ दिसत नाही इतकी दाट झाडी आहे.

संत्रापट्टा
अंदमानचं बजेट नाही दादा. अमरावतीकडच्या वरुडजवळून निघणार, चार-पाच दिवस. पोळा झाला की लगेच.

तंबूवाला
तंबू घेणार असाल तर तीन माणसांचा घ्या, दोन माणसांच्यात सामान मावत नाही. खालची ताडपत्री वेगळी घ्या.

पायपीट
तंबू कोणी विचारलाय? संत्रापट्टा, पोळ्यानंतर म्हणजे भर पावसात. त्या दिवसांत जांभ्यावर शेवाळ असतं. चांगले जड ट्रेकिंग बूट घ्या.

घाटवाट
जड बूट नकोत. ओल्या जांभ्यावर कडक तळवा साबणासारखा सटकतो. मऊ रबरी तळव्याचे साधे बूट बरे. पाच पावसाळे सह्याद्रीत काढून सांगतोय.

पायपीट
माझा घोटा मुरगळला तो मऊ बुटांतच. प्रत्येकाचा अनुभव वेगळा.

गाविलगड
राजेहो, इतक्या दूर काहून जाता? पोळ्यानंतर चिखलदरा पाहा, भीमकुंडाला पाणी असते, धुक्यात हात दिसत नाही. कॉफीची झाडंही आहेत आपल्याकडे.

संत्रापट्टा
चिखलदरा दरवर्षीच करतो भाऊ. मेळघाटातच वाढलो. समुद्र पाहायचा आहे. आमच्यातल्या दोघांनी तर पाहिलेलाच नाही, त्यातले एक माझे काका, वय ६४. कोणी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सांगितली, डोंगराला वळसा घालून पायऱ्यांनी समुद्रात उतरते म्हणे. ती कशी आहे?

खाडीकाठ
काकांचं वय आधी सांगायला हवं होतं. मी त्याच किनारपट्टीवरचा. ती वाट सुंदर आहे, खडकाला लाटांनी अक्षरशः जाळी पाडलीय. पण ती ओहोटीची वाट आहे. भरतीत खालचा खडक पाण्याखाली जातो, तिथं माणसं वाहून गेली आहेत. पावसाळ्यात त्या पायऱ्या उतरूच नका.

आणि पोळा म्हणजे अमावस्या. अमावस्येला आणि पुनवेला उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं. तुम्ही नेमके त्याच दिवसांत येताय.

संत्रापट्टा
जंगलात पाऊल कुठं टाकायचं ते आम्हाला कळते. पोहता एकालाही येत नाही, पण पाण्यात जायचंच नाही ना.

खाडीकाठ
पाण्यात तुम्ही जात नाही, पाणी तुमच्याकडे येतं. जाताना कोरडा असलेला खडक दोन-तीन तासांनी परतताना गायब असतो. रानात आल्या वाटेने परत जाता येतं, इथं तसं धरून चालू नका.

चाकरमानी_६८
अजून एक कोणी बोललं नाही. पोळ्यानंतर चार दिवसांवर गणपती. अख्खी मुंबई तेव्हा कोकणात असते. गाडीत उभं राहायला जागा मिळत नाही, खोल्या तर दूरच. गोकर्णची गाडीही कोकणातूनच जाते.

संत्रापट्टा
गणपतीच्या गर्दीचं खरंच डोक्यात नव्हतं. आमच्याकडे गणपती घरीच बसतो, प्रवास करून कोणी जात नाही. मग कधी निघू? दिवाळीपासून कापूस वेचणी, तेव्हा घरचं माणूस हलत नाही.

पायपीट
वरुडकडचे म्हणजे संत्र्याची बागही असेल. कोणत्या बहाराची, म्हणजे कधीच्या फुलोऱ्याची?

संत्रापट्टा
अंबिया, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो. डिसेंबरपर्यंत माल जातो. मग झाडाला ताण द्यायचा असतो, पाणी बंद. पानं मलूल होऊन पिवळी पडेपर्यंत बागेत काही करायचं नसते, जानेवारीत पाणी सोडेपर्यंत मोकळे असतो. कापसाचा दुसरा वेचाही तोवर आटोपतो. अरे, हेच जमते की!

घाटवाट
मग गोकर्णच! डिसेंबरअखेरीस हवा कोरडी, जांभाही कोरडा. नागपूर-मडगाव गाडी आहे, बडनेऱ्याला थांबते, पण रोज नाही, चालू आहे का आणि कोणत्या दिवशी ते बघून घ्या. मडगावहून गोकर्ण रोड स्टेशन. फक्त ३१ डिसेंबर टाळा.

खाडीकाठ
तारीख ठरवताना तिथी बघा. आमच्याकडे हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. तिथून सव्वासहा तास मागे गेलात की ओहोटी, साडेनऊच्या सुमाराला. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. गोकर्ण दक्षिणेला, तिथं भरती थोडी आधी येते आणि पाणीही आमच्याएवढं चढत नाही. नेमकी वेळ तिथल्या मच्छीमाराला विचाराच.

लाल_नोट
अंदमानला जहाजानंही जाता येतं, विशाखापट्टणमहून. पुढच्या वेळी विचार करा.

संत्रापट्टा
कालनिर्णय घेऊन बसलो आहे. पौष शुद्ध अष्टमी धरली. आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी, तिकडं त्याच्याही थोडी आधी. सकाळी आठला गावातून निघालो तर हाफमूनच्या पुढचा खडकाळ भाग ओहोटीतच पार होईल. बरोबर ना?

खाडीकाठ
बरोबर. अष्टमीला भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी फार चढत नाही तसं फार हटतही नाही. म्हणून खालच्या खडकांवरून जाऊ नका, वरची वाट धरा. काकांना कुडलेच्या चढावर घाई करू देऊ नका. माथ्यावर पहिल्यांदा समुद्र दिसतो, तिथं त्यांना पुढं जाऊ द्या.

संत्रापट्टा
काकांना वाचून दाखवलं. विचारून राहिले की भाकरी बांधून न्यायची का तिकडं मिळते.