गावातली सेवा हे करिअर की मजबुरी? मी करिअर म्हणते, तुमचं मत सांगा

पूर्णाकाठ:
मी हिंगोली जिल्ह्यातली. बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी केली, मग चार वर्षं एका संस्थेत बचतगटांचं काम केलं, आणि २०२३ च्या झेडपी भरतीत ग्रामसेवक म्हणून लागले. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात अजून ग्रामसेवक मॅडमच म्हणतात. रुजू होऊन सव्वा वर्ष होत आलं. पहिली तीन वर्षं कंत्राटी, मानधनावर, त्यामुळं पैशाबद्दल सांगण्यासारखं अजून काही नाही.

हा विषय काढायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात मावसभावाच्या लग्नात पंगतीला बसले तर शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढी हुशार पोर आन् ग्रामसेवकच झाली का गं, एमपीएससी करायची की. मला ते फार लागलं. कारण ह्या सव्वा वर्षात मी जे केलं ते मला छोटं वाटतच नाही.

एक सांगते. माझ्या गावात एक विधवा मावशी आहेत, घरकुलाच्या यादीत नाव होतं, १ लाख २० हजार मिळणार होते, पण नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-जागेच्या नोंदीत, जागा सासऱ्याच्या नावावर. सासरा वारला, नंतर नवरा वारला, वारस नोंद कुणी लावलीच नाही. तीन वर्षं बाई चकरा मारत होती आणि प्रत्येक वेळी पुढच्या महिन्यात या एवढंच ऐकत होती. मी आणि शिपाईदादा टेप घेऊन गेलो, जागा मोजली, चतुःसीमा लिहिल्या, पूर्वेला रस्ता, दक्षिणेला दिराचं घर. दीर संमती द्यायला तयार नव्हता, नुसतं बघू बघू, त्याच्या ओट्यावर तीनदा जाऊन बसले तेव्हा सही झाली. मग मासिक सभेत ठराव, मग नोंद. उतारा हातात दिला तर मावशींना वाचता येत नाही, म्हणाल्या माझं नाव कुठाय ते दाखव. मी दाखवलं. त्यांनी त्या नावावरून दोनदा बोट फिरवलं आणि उतारा घडी न घालता तसाच दोन हातात धरून घरी गेल्या.

तर माझं म्हणणं असं की आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनी हे काम पहिली पसंती म्हणून घ्यावं. राज्यसेवेचे एक दोन प्रयत्न जरूर करा, पण सात सात वर्षं पुण्यात काढून शेवटी नाइलाज म्हणून इकडं येऊ नका. नाइलाजानं आलेला माणूस त्या दिराच्या ओट्यावर तीनदा जात नाही.

दुधना:
ताई, तुमचं काम चांगलं आहे त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण सव्वा वर्षात मत पक्कं करू नका. माझे वडील ३१ वर्षं ग्रामसेवक होते. मूळ गाव एक आणि वरचा पदभार दोन गावांचा, म्हणजे सकाळी ह्या गावात घरपट्टी, दुपारी त्या गावात टंचाईचा टँकर आणि संध्याकाळी पंचायत समितीत मीटिंग, दिवाळीला सुद्धा फोन, पाणी आलं नाही म्हणून रात्री दहाला माणसं घरी. आई म्हणायची तुमचं लग्न माझ्याशी झालं का मोटारीच्या स्टार्टरशी. शुगर झाली, पाठ गेली, आणि हे सगळं सोसलं तरी शेवटी काय झालं ते सांगतो.

एका गावात गटार बांधलं. माप इंजिनिअरनं घेतलं, एमबी म्हणजे मोजमापाची वही त्यानंच लिहिली, चेकवर सह्या सरपंच आणि वडिलांच्या. आठ वर्षांनी ऑडिटला आक्षेप निघाला, कागद सापडेनात, सरपंचावर निम्मी वसुली आणि वडिलांवर निम्मी. रिटायरमेंटच्या पैशातून १ लाख ४० हजार कापले. गटार आजही आहे, मी स्वतः जाऊन बघून आलो, पाणी वाहतंय त्यातून. पण फाईलीत कागद नाही म्हणजे गटार नाही.

मी तेव्हाच ठरवलं ही नोकरी करायची नाही. आज सेलूत माझं कृषी सेवा केंद्र आहे, रात्री झोप लागते. तुम्ही ज्याला करिअर म्हणताय त्यात जबाबदारी सगळी तुमची आणि अधिकार निम्मे पण तुमचे नाहीत.

बालाघाट:
मी ते पुण्यात सात वर्षं काढणाऱ्यांपैकीच एक, बीड जिल्ह्यातला, वय २९. पूर्णाताई तुमच्या पोस्टमधलं नाइलाजानं येणारं वाक्य टोचलं पण खोटं नाही म्हणून गप्प वाचलं.

फक्त एक सांगा, पहिली पसंती द्यायची कशाला? दार उघडं तर पाहिजे. झेडपीची जाहिरात २०१९ च्या मार्चमध्ये आली, मी तीन पदांना फॉर्म भरले, परीक्षा झालीच नाही, शेवटी ती भरतीच रद्द केली. मग थेट ऑगस्ट २०२३, १९ हजार ४६० जागा, बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसकडून परीक्षा, ओपनला एका पदाला हजार रुपये फी आणि राखीवला नऊशे. मधली चार वर्षं माणसानं काय करायचं? वडील फोनवर विचारतात कधी निघायची रे जाहिरात, मी काय सांगू. राज्यसेवेची जाहिरात निदान येत तरी राहते, ओपनला ३८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वय चालतं, म्हणून आम्ही इथं बसतो. हौस म्हणून नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहतो, मेसचा डबा दोघांत एक लावलाय, आणि तुम्हाला वाटतं आम्हाला गाव नको झालंय. आणि राज्यसेवेतून गटविकास अधिकारी झालो तर काम गावाचंच आहे की.

रेणाकाठची:
मी माजी सरपंच, लातूर जिल्हा. २०१७ ला थेट जनतेतून निवडून आले, जागा महिलांसाठी राखीव होती. ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे म्हणून माझ्यासारखीला उभं राहता आलं, नाहीतर घरातून कुणी नाव घेतलं नसतं.

नोकरीचं तुम्ही बोला, मी निवडणुकीतून येणाऱ्यांचं बोलते. पोरं माझ्याकडं येतात, ताई राजकारणात करिअर करायचंय, सरपंचापासून सुरू करतो म्हणतात. मी सरळ सांगते, बाबा आधी पोटाची सोय कर. सरपंचाचं मानधन २०२४ ला वाढवलं म्हणून आता २ हजार लोकवस्तीच्या आतल्या गावाला ६ हजार, ८ हजारापर्यंत ८ हजार आणि त्याच्यावर १० हजार. माझ्या वेळी ह्याच्यापेक्षा कितीतरी कमी होतं. आमची चार एकर सोयाबीन होती म्हणून मी पाच वर्षं हात न पसरता काढली. ज्याला दुसरी कमाई नाही तो सरपंच दुसऱ्या वर्षीच ठेकेदाराच्या गाडीत दिसतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

बाईमाणसासाठी अजून एक. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवकाची डिजिटल सही लागते, ती पेनड्राईव्हसारखी वस्तू असते. आमच्या भागात कितीक सरपंच बायांची ती वस्तू नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या खिशात असते. मी पहिल्या दिवसापासून ती चंचीत घालून कमरेला ठेवली. ऑपरेटर पोरगं म्हणायचं ताई इथंच ड्रॉवरमध्ये ठेवा, म्हणलं नाही बाबा. घरात त्यावरून लई बोलणी खाल्ली.

आणि काम केलं म्हणजे लोक धरून ठेवतीलच असं पण नाही. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचे माजी सरपंच पेरे पाटील सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, कर भरणाऱ्याला दळण फुकट, प्यायच्या पाण्याची सोय, पण २०२१ च्या ग्रामपंचायतीला त्यांच्या मुलीचा पराभव झाला. आणि बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. त्या दिवसापासून माझी सासू मला पुन्हा उभी राहू नको म्हणती. मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.

बोरीकाठ:
तुळजापूर तालुक्यातून. १४ वर्षं संस्थांमध्ये काम करतोय, चार संस्था बदलल्या. मला पूर्णाताईंचा हेतू पटतो आणि शब्द पटत नाही, करिअर हा शब्द.

आमच्या भागात समाजसेवेचं काम नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी संस्था आल्या, काही गेल्या काही राहिल्या. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायांना आरोग्याचं काम शिकवून भारतवैद्य म्हणून उभं केलं, तेव्हा सरकारची गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या बायांची आशा योजना यायची होती, ती आली २००५ नंतर. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचं केंद्र आहे तिथून दरवर्षी पोरं शिकून बाहेर पडतात. म्हणजे शिकायची सोय आहे, कामाची परंपरा आहे, माणसं आहेत.

पण ह्यात पगाराचं काय? प्रकल्प तीन वर्षांचा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पुढचा निधी मिळतो का नाही. मी एका संस्थेत असताना माझी सहकारी बाळंतपणाला गेली आणि परत आली तेव्हा तिची जागाच नव्हती, प्रकल्प संपला असं सांगितलं. तिनं आठ वर्षं ३० गावांत चालत फिरून गट बांधले होते, कुणाच्या घरात कुणाची सून आजारी आहे हे तिला तोंडपाठ होतं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, निरोपाला एक शाल. आज ती सोलापूर रोडला एका दुकानात बसते. आशा घ्या, बचतगटांना हाताला धरून चालवणाऱ्या सीआरपी घ्या, गावाचं अर्धं काम ह्याच बाया करतात आणि त्यांना मिळतं ते मानधन. बाईनं केलं की ती सेवा, मग पगार कशाला, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. तेव्हा नवीन पोरींना ह्याच्यात या म्हणायच्या आधी पगार, पीएफ आणि बाळंतपणाची रजा ह्याच्यावर बोला. ते मिळेपर्यंत मी माझ्या मुलीला ह्यात ये म्हणणार नाही.

राहिली गोष्ट परिणामांची, तर जालन्याजवळचं कडवंची बघून या. पाणलोटाचं काम ९० च्या दशकात सुरू झालं, विजयअण्णा बोराडे आणि त्यांच्या लोकांनी तिथं वर्षानुवर्षं पाय रोवले, तेव्हा कुठं आज द्राक्षाचं गाव दिसतं. तिथं तीन वर्षांचा प्रकल्प करून निघून गेले असते तर काय राहिलं असतं?

पूर्णाकाठ:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. दुधना दादा, तुमच्या वडिलांचं वाचून रात्री उठून कपाटातल्या फाईली बघितल्या, खरंच. मी आतापर्यंत कामाचा फोटो सुरू करताना, निम्मं झाल्यावर आणि संपल्यावर असे तीन काढते, तारखेसह फाईलीला लावते, आणि एमबीची झेरॉक्स माझ्याकडं ठेवते. सरपंचांनी एकदा काम न बघताच चेकवर सही करा म्हटलं तेव्हा फाईलीवर लेखी टिपणी लिहिली. पंधरा दिवस ते बोलले नाहीत माझ्याशी. तरी आठ वर्षांनी काय होईल ह्याची खात्री मला कुणी देऊ शकत नाही हे मान्य.

बोरीकाठ दादा, पगार आणि रजेचं शंभर टक्के बरोबर. मी संस्था सोडली ती त्याच कारणानं, पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

पण पहिल्या पसंतीवर मी ठाम आहे आणि कारण सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच झेडपी आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नंतर कित्येक वर्षं प्रशासक. सदस्य नाही, सभापती नाही, लोकांनी जायचं कुणाकडं? त्या काळात गावातल्या माणसाला सरकार म्हणून दिसणारं माणूस म्हणजे ग्रामसेवक, तलाठी आणि आशा. वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतात, १५ व्या आयोगात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. त्या पैशाचा आराखडा बसून नीट करणारं माणूस गावात नसेल तर पेव्हर ब्लॉक बसतात आणि बोअर कोरडीच राहते. अधिकार कमी आहेत हे खरं दादा, पण आराखडा लिहिताना पेन कुणाच्या हातात आहे त्याला महत्त्व आहे की नाही?

दुधना:
पेनाचं पटलं. बाकी नाही पटलं. फुलंब्रीत २०२३ ला एका सरपंचानं विहिरीच्या फाईलींना पैसे मागतात असा आरोप करत पंचायत समितीसमोर नोटा उधळल्या, सगळ्यांनी व्हिडिओ बघितला. त्या साखळीत चांगल्या माणसाला एकटं उभं करायचं आणि वर म्हणायचं हे करिअर आहे, हे माझ्या मनाला येत नाही. एकेका गावाला एक पूर्ण वेळ ग्रामसेवक द्या, वसुलीत माप घेणाऱ्याला पण धरा, मग मी स्वतः पुतण्याला फॉर्म भरून देतो. वडिलांना तुमची पोस्ट वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, त्या पोरीला सांग एमबीच्या झेरॉक्सवर इंजिनिअरची सही घेत जा.

बालाघाट:
ताई एक विचारायचं होतं. बारावीला मला ५७ टक्के आहेत, पुढं बीए. ग्रामपंचायत अधिकारीला चालतं का?

पूर्णाकाठ:
मागच्या जाहिरातीत बारावीला किमान ६० टक्के पाहिजे होते, ते नसतील तर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, कृषी पदविका नाहीतर बीएसडब्ल्यू. मी बीएसडब्ल्यूवरच बसले. नुसत्या बीएवर नाही चालायचं भाऊ, वाईट वाटतं सांगायला. विस्तार अधिकारीचं पद बघा, त्याला पदवी लागते, जाहिरात आली की पात्रतेचा रकाना नीट वाचून मगच फी भरा.

दुधना दादा, काकांना नमस्कार सांगा. उद्यापासून सही घेते.

रेणाकाठची:
बालाघाट भाऊ, पुण्यात असलास तरी १५ ऑगस्टला गावाकडं ये आणि ग्रामसभेला बस. वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, पण आमच्याकडं बऱ्याच वेळा रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली म्हणून लिहितात. तू जा, मागच्या सभेचं प्रोसिडिंग मोठ्यानं वाचा म्हण, आणि वाचून होईपर्यंत सही करू नको. मी पण तेच करणार आहे. सासूला घेऊन जाणार आहे.