तळघरातले काचेचे लाल गोळे: जुने अग्निशामक आहेत का? घरात लहान मुलं आहेत

सांगली_ते_पिट्सबर्ग
नमस्कार मंडळी. पिट्सबर्गजवळ १९२६ सालचं घर घेतलंय. तळघरात फर्नेसच्या (घर तापवायच्या भट्टीच्या) वरच्या तुळईला तीन लोखंडी ब्रॅकेट ठोकलेत. एकात काचेचा गोळा अडकवलाय, मोठ्या मोसंबीपेक्षा जरा मोठा, आत रूहअफजासारखं लाल पाणी. गोळ्याला टेकून स्प्रिंगची काडी आहे. लेबल सोलवटलंय, पण 'कॉमेट' एवढं वाचता येतं. दुसरा गोळा खाली फळीवर होता आणि तिसरा ब्रॅकेट रिकामा आहे.

सासरे सांगलीहून आलेत. त्यांनी फळीवरचा गोळा ओल्या फडक्याने पुसला आणि ऊन पडलं की छान दिसतो म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. दोन दिवस तो तिथेच आहे. शेजारी म्हणाले, अँटिक आहे, विकून टाका. पण मला धास्ती वाटते, मुलं चार आणि सात वर्षांची आहेत. आत नुसतं पाणी असतं का?

प्रयोगशाळा_३१वर्षे
ताई, आधी तो खिडकीतला गोळा उन्हातून काढा. दोन्ही हातांनी, सावकाश. जाड टॉवेलात गुंडाळून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, भोवती मांजराच्या शीसाठी मिळते ती वाळू भरा आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा थंड जागी, घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवा. थर्मोकोल वापरू नका, गळती झाली तर हा द्रव थर्मोकोल विरघळवतो. तुळईवरच्याला हातच लावू नका. ती स्प्रिंग काच फोडण्यासाठीच ताणलेली आहे. आगीच्या उष्णतेने तिला धरून ठेवणारा मऊ धातूचा तुकडा वितळतो आणि काडी काचेवर आपटते.

वर्णनावरून हा 'रेड कॉमेट' दिसतो, कोलोरॅडोतल्या लिटलटन गावची कंपनी. आत बहुधा कार्बन टेट्राक्लोराइड आहे. आमच्या लॅबमध्ये याच्या बाटल्या असत. आयोडिनच्या पाण्यात थोडं टाकून हलवलं की परीक्षानळीच्या तळाशी सुरेख जांभळा थर बसायचा. तळाशी का, तर हा द्रव पाण्याच्या दीडपटीहून जड आहे. वास गोडसर, त्यामुळे कुणाला विषाची शंका येत नाही. म्हणून वास घेऊन खात्री करू नका.

धोका दोन तऱ्हांचा. वाफ श्वासातून किंवा द्रव कातडीतून आत गेला तर यकृत आणि मूत्रपिंडावर घाला घालतो. त्रास कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसतो, आणि दारू घेणाऱ्याला जास्त. दुसरा धोका आगीतला. ज्वाळेत किंवा तापलेल्या लोखंडावर त्यातून फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला तो हाच, आणि भोपाळला जो वायू सुटला तोही बनवायला फॉस्जीनच लागतो.

वाफ हवेच्या पाचपट जड असते, म्हणजे तळघरात ती जमिनीलगत साचून राहते. आणि तुमचा फर्नेस तिथेच! गोळा फुटलाच तर पुसायला थांबू नका, व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नको. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. जाता जाता हाताशी असेल तरच फर्नेसचं बटण बंद करा, नाहीतर ज्वाळा ती वाफ आत ओढते.

जुन्या_बाटल्यांचा_संग्राहक
दादांनी सांगितलं ते बरोबर. ओळखीबद्दल थोडं माझंही. सगळेच काचेचे गोळे असे विषारी नसतात. १८७० ते १९०० च्या दरम्यानचे निळ्या, पिवळसर तपकिरी काचेचे असत, अंगावर नक्षी आणि ठसठशीत अक्षरं. 'हार्डन'वर तारा असतो, 'हेवर्ड'वर ८ ऑगस्ट १८७१ ही पेटंटची तारीख. त्यांच्या तोंडाला बूच आणि आत सहसा मिठाचं पाणी, म्हणजे थंडीत लवकर गोठू नये. ते उचलून आगीवर फेकायचे.

तुमच्यासारखे पातळ, गुळगुळीत, विजेच्या बल्बसारखे वितळवून बंद केलेले, कागदी लेबलाचे आणि ब्रॅकेटवाले हे विसाव्या शतकातले. ते टेट्राक्लोराइडचेच समजून चालावं. रंगावर जाऊ नका, लाल रंग दिसायला घातलेला असतो आणि बिनरंगी गोळेही तितकेच वाईट. माझ्याकडे फक्त रिकामे आहेत. भरलेला गोळा पोस्टाने पाठवणं म्हणजे टपाल वाटणाऱ्या माणसाच्या पाठीवर विष देणं, मी अशी विक्री कधी करणार नाही. अमेरिकेत १९७० मध्येच घरगुती वस्तूंत हा द्रव वापरायला बंदी आली. काउंटीच्या घातक कचरा विभागाला फोन करा, पण गोळा गाडीत घालून स्वतः नेऊ नका.

सांगली_ते_पिट्सबर्ग
दोघांचेही मनापासून आभार. खिडकीतला गोळा रात्रीच डब्यात घालून शेडमध्ये ठेवला. सकाळी अग्निशमन दलाच्या साध्या नंबरवर फोन केला. दोन जण आले, ब्रॅकेटची स्प्रिंग तारेने बांधली, मग गोळा काढला आणि दोन्ही घेऊन गेले. बाबांना वाईट वाटलं, म्हणाले, "मला काय माहीत, मी तर कानाशी धरून हलवून पाहिला होता." त्यांना चार वेळा सांगितलं की तुमची चूक नाही.

आता तिसऱ्या ब्रॅकेटची काळजी लागलीय. तिथली स्प्रिंग सुटलेली आहे, म्हणजे तो कधीतरी फुटला असणार. खाली जमिनीवर काच नाही. अजून काही राहिलं असेल का?

प्रयोगशाळा_३१वर्षे
वर्षांपूर्वी फुटला असेल तर उडून गेला. हा द्रव ७७ अंश सेल्सिअसला उकळतो, उघड्यावर भराभर वाळतो. पण फळीच्या मागे आणि फर्नेसच्या बुडाशी टॉर्च मारून काचेचे कण बघा, मुलं अनवाणी खेळतात. आणि फळीवरच्या इतर जुन्या डब्या-बाटल्यांचे फोटो टाका. ज्याने हे गोळे लावले, त्याने आणखीही काही ठेवलं असेल.