केटलिन क्लार्कचे ३,९५१ गुण: विक्रम तिचा की लिनेट वुडर्डचा?

बॅककोर्ट: अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कने २०२० ते २०२४ या चार हंगामांत १३९ सामन्यांत ३,९५१ गुण केले. एनसीएएच्या (अमेरिकी महाविद्यालयीन खेळांची संघटना) पहिल्या विभागात पुरुष-महिला धरून हे सर्वाधिक. तरी मी तिला लिनेट वुडर्डच्या वर ठेवणार नाही. वुडर्ड १९७७ ते १९८१ कॅन्सासकडून खेळली; तिचेही सामने १३९च, गुण ३,६४९. तेव्हा तीनची रेषाच नव्हती (तिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण). क्लार्कचे ५४८ थ्री-पॉइंटर दोनच्या भावाने मोजा, उरतात ३,४०३. शिवाय महिलांचा लहान चेंडू आला १९८४-८५ला, म्हणजे वुडर्ड पुरुषांच्याच मापाच्या चेंडूने खेळली. एवढं करून एनसीएएच्या यादीत तिचं नाव नाही, कारण महिलांचा खेळ तेव्हा एआयएडब्ल्यू या वेगळ्या संघटनेकडे होता. हा अन्याय आहे.

स्क्रीन_अँड_रोल: अन्याय मान्य. वजाबाकी अमान्य. रेषा नसती तर क्लार्क तिथून फेकत बसली असती का? आत घुसून दोनचे घेतले असते. आणि तिच्या लांब फेकीची किंमत तीन गुणांपुरती नाहीच. स्टेप-बॅक (पाऊल मागे घेऊन फेक) बहुतेक डावीकडे, म्हणून तिच्या डाव्या हाताला उभं राहून तिला उजवीकडे रेटावं लागतं. स्क्रीनच्या, म्हणजे तुमची वाट अडवून उभ्या तिच्या सहकारिणीच्या, खालून (बास्केटच्या बाजूने) गेलात की ती थांबून मारते. वरून (तिच्या मागोमाग) गेलात तर क्षणभर मागे पडता, मग उंच खेळाडूला पुढे यावं लागतं. दोघी तिच्यावर, मागे चौघींविरुद्ध तिघी. तिचे १,१४४ असिस्ट (सहकारिणीला गुण मिळवून देणारे पास) बरेचसे त्या मोकळ्या जागेतले आहेत. २०२१-२२ पासून रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली, हेही हिशोबात घ्या.

फ्री_थ्रो: दोघींच्याही पुढे पर्ल मूर आहे, ४,०६१. लहान महाविद्यालयाकडून खेळली म्हणून तिला वगळायचं?

झोन२३: गुण राहू द्या, क्लार्कचं अजिंक्यपद कुठाय? २०२३ला अंतिम सामन्यात एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) ८५-१०२, २०२४ला साउथ कॅरोलायनाकडून ७५-८७. दुसऱ्या सामन्यात पहिल्या क्वार्टरमध्ये तिचे १८ गुण, पुढच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १२. ताज्या दमाच्या गार्ड तिच्या अंगाला चिकटल्या की ती अडते.

स्क्रीन_अँड_रोल: त्याच सामन्याचा तक्ता नीट वाचा. बदली खेळाडूंचे गुण साउथ कॅरोलायनाचे ३७, आयोवाचे शून्य. रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा पकडलेला चेंडू) ५१ विरुद्ध २९. समोरच्यांना दुसरी, तिसरी संधी मिळत राहिली. हे पॉइंट गार्डच्या, म्हणजे खेळ रचणाऱ्या क्लार्कच्या, माथी कसं मारता? २०२३ला लुइव्हिलविरुद्ध ४१ गुण, १२ असिस्ट, १० रिबाउंड घेऊन तिनेच संघाला फायनल फोरमध्ये (उपांत्य फेरीत) नेलं होतं.

बॅककोर्ट: असिस्टचा मुद्दा पटला, वजाबाकीत तो येत नाही. पण याद्या जोडा: एआयएडब्ल्यूची वर्षं धरा, शेजारी रेषेचं अंतर आणि चेंडूचं माप छापा. क्लार्कचं नाव मग वर राहिलं तर माझी हरकत नाही.