मदत हवी आहे: कोलेस्टेरॉलच्या २७ कार्बनमधून पित्ताम्लात २४ कसे उरतात?

नमस्कार मंडळी,

मी जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात वर्गात 'कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं' (पित्तातली, चरबी पचवायला मदत करणारी आम्लं) या विषयावर बोलायचं आहे. काल मैत्रिणीसमोर सराव केला. सगळी आकृती फळ्यावर काढून झाली आणि तिनं विचारलं, "बीटा ऑक्सिडेशनच्या एका फेरीत दोन कार्बन निघतात ना? मग २७ मधून २५ उरतील, नाहीतर २३. हे २४ कुठून आले?" (बीटा ऑक्सिडेशन म्हणजे कार्बनची साखळी टोकाकडून तुकड्यातुकड्यानं कापण्याची पेशीची पद्धत.) मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं ही आकृती मला पाठ आहे, पण हा हिशोब मी कधी मांडूनच पाहिला नव्हता. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

मला समजलंय ते आधी लिहिते, चुकत असेल तिथे थांबवा.

कोलेस्टेरॉलची चार कड्यांची चौकट आपल्या शरीराला फोडता येत नाही. साखर किंवा चरबी जाळावी तशी ती जाळता येत नाही. म्हणून जास्तीचं कोलेस्टेरॉल घालवण्याचे मुख्य मार्ग दोनच: पित्तातून ते आहे तसं सोडणं किंवा त्याचं पित्ताम्ल करणं. यकृत रोज साधारण अर्धा ग्रॅम पित्ताम्ल नव्यानं बनवतं. सुरुवात ७व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, पाण्याला ओढणारी) बसवून होते. ते काम सीवायपी७ए१ हे एन्झाइम करतं आणि सगळ्या मार्गाचा वेग याच पायरीवर ठरतो. मग कड्यांमध्ये फेरफार होतात. सीवायपी८बी१ नं १२व्या कार्बनवरही हायड्रॉक्सिल बसवला तर शेवटी कोलिक आम्ल मिळतं, नाही बसवला तर किनोडिऑक्सिकोलिक आम्ल. इथवर मी ठीक आहे. शेपटीपाशी, म्हणजे कड्यांना जोडलेल्या कार्बनच्या साखळीपाशी, आले की अडते.

कार्बनचा प्रश्न वर आलाच. शिवाय, ३ऱ्या कार्बनवर कोलेस्टेरॉलमध्ये मुळातच हायड्रॉक्सिल असतो. एवढे कष्ट घेऊन तो तिथेच, फक्त उलट बाजूला का वळवायचा? आणि सीवायपी२७ए१ एका पुस्तकात मार्गाच्या शेवटाकडे दाखवलंय, दुसऱ्यात पहिल्याच पायरीला. बरोबर कोणतं?

जाणकारांनी कृपया वेळ काढावा.

प्रतिसाद १

तुमच्या मैत्रिणीनं अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. उत्तर शेपटीच्या टोकाला आहे. तिथे २५व्या कार्बनला दोन मिथाइल (एकेका कार्बनचे गट) फुटलेले असतात, २६ आणि २७ क्रमांकाचे. म्हणजे शेपटी सरळ नाही, टोकाशी तिला फाटा आहे.

सीवायपी२७ए१ हे मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम त्यातल्या एका मिथाइलचं ऑक्सिडीकरण करून कार्बोक्झिल गट (आम्लाचा गट) तयार करतं. तो कार्बन पहिला धरा. त्याच्या शेजारचा, म्हणजे अल्फा, झाला २५वा, आणि बीटा झाला २४वा. बीटा ऑक्सिडेशनमध्ये बंध तुटतो तो नेहमी अल्फा आणि बीटाच्या मध्ये. साध्या स्निग्धाम्लात अल्फा कार्बनवर काही लटकत नसतं, म्हणून दोन कार्बनचं ॲसिटिल-कोए सुटतं. इथे अल्फाला उरलेला मिथाइल चिकटलेला आहे, तो सोबत जातो. तीन कार्बनचं प्रोपिओनिल-कोए बाहेर पडतं आणि २४वा कार्बन नवा कार्बोक्झिल होतो. २७ वजा ३. फेरी एकच, नियम तोच, फक्त फाट्यामुळे तुकडा मोठा निघतो.

ही छाटणी पेरॉक्सिझोम या पेशीतल्या छोट्या पिशवीत होते. याचा पुरावा रुग्णांकडून मिळाला. झेलवेगर सिंड्रोम या जन्मजात आजारात पेरॉक्सिझोम घडतच नाहीत आणि त्या बाळांच्या रक्तात २७ कार्बनची, शेपटी न छाटलेली पित्ताम्लं साचलेली दिसतात. तुमच्या भाषणात हे जरूर घ्या. कोणती पायरी कुठे घडते हे पाठ करण्यापेक्षा, ते कळलं कसं हे ऐकायला वर्गाला आवडेल.

प्रतिसाद २

वरचं उत्तर उत्तम. मी ३ऱ्या कार्बनबद्दल लिहितो, कारण या विषयातला माझा सर्वात आवडता भाग तोच आहे.

पित्ताम्लाचं काम आठवा. त्याला एका अंगानं चरबीला चिकटायचं आहे आणि दुसऱ्या अंगानं पाण्यात राहायचं आहे. कोलेस्टेरॉलची चौकट बऱ्यापैकी सपाट असते आणि तिच्यावर पाण्याला ओढणारा एकच गट, तोही वरच्या म्हणजे बीटा बाजूला. ७ आणि १२ वरचे नवे हायड्रॉक्सिल मात्र खालच्या, अल्फा बाजूला बसतात. ३ऱ्यावरचा वरच राहिला, तर चरबीला चिकटणाऱ्या बाजूलाच एक पाणीओढा गट उरेल आणि दोन्ही अंगांची सरमिसळ होईल.

आता पेशी काय करते पाहा. हायड्रॉक्सिल काढून टाकत नाही, त्याचा कीटोन (दुहेरी बंधानं जोडलेला ऑक्सिजन) करते आणि सोबत ५व्या-६व्या कार्बनमधला दुहेरी बंध ४थ्या-५व्यात सरकवते. दुहेरी बंध कीटोनशेजारी आला की त्याचं क्षपण करणं, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडणं, सोपं जातं. एकेआर१डी१ हे एन्झाइम ते करताना ५व्या कार्बनवर हायड्रोजन बीटा बाजूनं देतं. त्यामुळे पहिलं कडं उरलेल्या चौकटीशी जवळजवळ काटकोनात वाकतं. मग कीटोनचा पुन्हा हायड्रॉक्सिल होतो, पण या वेळी अल्फा बाजूला. आता ओंजळीसारखा वाकलेला रेणू डोळ्यांसमोर आणा. आतल्या बाजूला सगळे हायड्रॉक्सिल, बाहेरच्या बाजूला नुसते मिथाइल. ३ऱ्या कार्बनवरचे कष्ट यासाठी. मला तर ही पायरी ७व्या कार्बनच्या पायरीइतकीच महत्त्वाची वाटते, पण पुस्तकं तिला एका ओळीत गुंडाळतात.

थोडं अवांतर: पित्ताम्लांच्या रचनेवरच्या कामासाठी हाइनरिश व्हीलांड यांना १९२७चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण कड्यांची तेव्हा मांडलेली चौकट चुकीची होती, ती १९३२मध्ये दुरुस्त झाली. आणि कोलेस्टेरॉलचंच कोलिक आम्ल होतं हे ब्लॉख, बर्ग आणि रिटनबर्ग यांनी १९४३मध्ये कुत्र्याला जड हायड्रोजनची खूण केलेलं कोलेस्टेरॉल देऊन दाखवलं.

प्रतिसाद ३

सीवायपी२७ए१ बद्दल: दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, कारण मार्ग दोन आहेत. मुख्य मार्गात आधी कडी बदलतात, मग शेपटी. दुसऱ्या मार्गात सीवायपी२७ए१ आधी शेपटीला हात घालतं आणि ७वा कार्बन नंतर सीवायपी७बी१ कडे येतो. त्यातून प्रामुख्यानं किनोडिऑक्सिकोलिक आम्ल बनतं. प्रौढांत या मार्गाचा वाटा छोटा असतो, तान्ह्या बाळांत मात्र त्याला फार महत्त्व आहे. सीवायपी७बी१ नसलेल्या बाळांना जन्मानंतर लवकरच यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो.

मी डॉक्टर आहे, म्हणून एक कळकळीची भर. सीवायपी२७ए१ जन्मतः सदोष असेल तर सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस हा दुर्मीळ आजार होतो. लहानपणापासून न थांबणारे जुलाब, कोवळ्या वयात मोतीबिंदू, पुढे टाचेच्या स्नायुबंधात गाठी, मग चालण्यात आणि बुद्धीत बिघाड. रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुधा सामान्य असतं, म्हणून निदानाला वर्षानुवर्षं उशीर होतो. किनोडिऑक्सिकोलिक आम्ल बनत नाही, त्यामुळे सीवायपी७ए१ ला लगाम उरत नाही. ते जोरात चालत राहतं, अर्धवट पदार्थ साचतात आणि त्यातून बनलेलं कोलेस्टॅनॉल (कोलेस्टेरॉलचाच जवळचा भाऊ) मेंदूत व स्नायुबंधांत जाऊन बसतं. उपचार म्हणजे तेच आम्ल तोंडावाटे देणं. लवकर सुरू केलं तर पुढचं नुकसान बरंच टळतं. जुलाब आणि मोतीबिंदू एकाच मुलात दिसले तर हा आजार आठवावा, एवढं तुमच्या वर्गापर्यंत पोचवा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. कागदावर कार्बनला क्रमांक देऊन पाहिले, हिशोब जुळला!

डॉक्टरसाहेब, लगामाचं थोडं उलगडून सांगाल का? आणि आकृतीत छाटणीच्या आधी एक रॅसिमेज (रेणूचं डावं-उजवं रूप बदलणारं एन्झाइम) येतो, एएमएसीआर. त्यानं ना कार्बन घटतो ना ऑक्सिजन वाढतो. मग तो तिथे कशाला?

प्रतिसाद ३

यकृतात परत आलेली पित्ताम्लं एफएक्सआर नावाच्या केंद्रकातल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतात आणि तो सीवायपी७ए१ चं जनुक दाबतो. शिवाय लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पित्ताम्लं शोषली जात असताना तिथून एफजीएफ१९ हे संप्रेरक सुटतं आणि रक्तावाटे यकृताला तोच निरोप देतं. शरीरात एका वेळी २ ते ४ ग्रॅम पित्ताम्लं असतात. आतड्यात उतरलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के परत येतात, म्हणून हा निरोप सतत चालू असतो. कोलेस्टिरामीनसारखी औषधं पित्ताम्लांना आतड्यातच धरून ठेवतात. निरोप थांबतो, यकृत नवी पित्ताम्लं करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

प्रतिसाद १

रॅसिमेजचं मी सांगतो. २५व्या कार्बनला चार वेगवेगळे गट असतात, त्यामुळे त्याची डावी-उजवी अशी दोन रूपं संभवतात. सीवायपी२७ए१ आर रूप तयार करतं आणि पेरॉक्सिझोममधलं पहिलं ऑक्सिडेज फक्त एस रूप ओळखतं. एएमएसीआर नुसता हात बदलतो. तो नसेल तर सगळी तयारी होऊनही शेपटी छाटली जात नाही आणि २७ कार्बनची अम्लं साचतात.

फळ्यावर २५वा कार्बन वेगळ्या रंगाच्या खडूनं काढा. तिथला फाटा, हात बदलणं आणि तीन कार्बनचा तुकडा, तिन्ही गोष्टी त्याच एका ठिपक्यावर दाखवता येतील.