मदत हवी आहे: पाटीवरचं बोल्ड इटॅलिक, मराठी नाव जुळतच नाहीये

केतकी_स: बहिणीच्या बेकरीची पाटी करतेय. इंग्रजी नाव प्लेफेअर डिस्प्ले या फाँटच्या बोल्ड इटॅलिकमध्ये (जाड, तिरक्या अक्षरांत) झक्कास बसलंय. खालचं मराठी नाव मात्र कलंडल्यासारखं दिसतं आणि वेलांटी वरून कापली जातेय. उद्या दुपारी फाइल द्यायचीय, लवकर सांगा प्लीज.

नंदन७: कशात करताय? कोरल की इलस्ट्रेटर, की दुसरं सॉफ्टवेअर? फ्लेक्स की अक्षरं कापून? मराठीला फाँट कुठला?

जुनाकंपोझिटर: मुळात पाटीला इटॅलिक कशाला? १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या मुद्रकाने व्हर्जिल या लॅटिन कवीचं पुस्तक छापलं ते इटॅलिकमध्ये; ग्रिफो या कारागिराने कोरलेले ते खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, छोट्या पुस्तकांसाठी होते.

मनवा: काका, एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जाहिरातींत जाडजूड तिरके टाइप सर्रास होते. मोठ्या आकारासाठीच बनायचे ते. बेकरीला शोभेलही.

खवय्या: बेकरी म्हटलं की कूपर ब्लॅक! शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचा फाँट, १९२२चा. गुबगुबीत, लांबून वाचता येतं.

केतकी_स: वर्डमध्ये करतेय. मराठीलाही प्लेफेअरच दिलाय. नावात ‘गोडी’ आहे.

नंदन७: इथेच गोम आहे. प्लेफेअरमध्ये देवनागरी नाहीच. वर्ड गुपचूप दुसरा फाँट लावतो, बहुधा मंगल, आणि इटॅलिकचं बटण दाबलं की तोच ओढून तिरका करतो. इंग्रजीत असं होत नाही, तिथे इटॅलिक वेगळं रेखलेलं आहे. इंग्रजी स्मॉल ‘ए’ (a) बघा, आकारच बदलतो. वेलांटीसाठी लाइन स्पेसिंग बघा. ‘एक्झॅक्टली’ असेल तर ‘सिंगल’ करा.

यात्री: यात्रा वन फाँट वापरा. मुंबई लोकलच्या पाट्यांवरून केलाय, अस्सल आपला.

मनवा: चांगला आहे, पण प्लेफेअरशेजारी नको. तिथे जाड-बारीक रेघांतला फरक प्रचंड आहे, मराठीतही तोच हवा. रोझा वन घ्या, मोफत आहे. आणि सरळच ठेवा. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. तिरकं केलं की अक्षरांचे उभे दंड कलतात, शिरोरेघ आडवीच राहते, आणि ‘गो’चा काना ‘डी’वर रेलतो.

जुनाकंपोझिटर: हे शंभर टक्के मान्य. बोरूची जीभ लॅटिन टाकाच्या उलट कापतात, जाडी वेगळ्या जागी पडते. नुसतं वाकवून जोडी जमत नाही.

प्रसाद_क: श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये कसा नेतात?

नंदन७: प्रसाद, वेगळा धागा काढा ना. केतकीताई, पाटी कशाची ते अजून सांगितलं नाहीत.

केतकी_स: अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापून, तीन फूट लांब. रोझा लावला, ‘डी’ आता पूर्ण दिसते! इंग्रजी तसंच ठेवू ना?

मनवा: थांबा. कापून म्हणजे प्लेफेअरच्या केसासारख्या रेघा मोडतील. स्मॉल ‘ई’च्या (e) पोटातली रेघ आणि सेरिफची, म्हणजे अक्षरांच्या शेवटच्या छोट्या फराट्यांची, टोकं आधी जातात.

खवय्या: म्हणूनच कूपर म्हणत होतो.

मनवा: कूपरशेजारी रोझा विजोड दिसेल. प्लेफेअर आवडलाच असेल तर कापणाऱ्याला विचारा, कमीत कमी किती मिलिमीटरची रेघ टिकते. मग नाव खऱ्या मापात छापून सगळ्यात बारीक रेघ पट्टीने मोजा. रोझाच्याही बारीक रेघा मोजा, त्याही नाजूकच आहेत. कमी पडलं तर दोन्ही नावं एका अखंड पट्टीवर छापून घ्या, अक्षरं सुटी कापूच नका.

केतकी_स: दुकानदाराला फोन लावतेय.