टोनआर्मचं काउंटरवेट जाम झालंय : सोडवायचं की तसंच ठेवायचं? माझं मत, सोडवायचंच

होटगीरोडकर :
वडिलांचा जपानी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचा रेकॉर्ड प्लेअर, माळ्यावरून खाली काढला. बारा वर्षं पत्र्याखाली पडून होता, सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते इथं कुणाला सांगायला नको. मोटर फिरली, स्पीड लागला, पण टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, काही केल्या हलत नाय. ते पुढंमागं करूनच सुईचा तबकडीवरचा भार ठरतो. आधीचं कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) साडेतीन ग्रॅम भारावर चालायचं, आता ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई लावलंय, त्याला २ ग्रॅम लागतात, १.८ ते २.२ पर्यंत चालतं, आणि डिजिटल काट्यावर सुई दाखवतीय ३.४. एवढ्या वजनावर वाजवलं तर कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक काडी) बसणार आणि कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकणार.

माझं म्हणणं एवढंच की हे काम घरीच करायचं, मेकॅनिककडं न्यायचंच नाही. मागं दुसरा एक प्लेअर एका दुकानात दिला होता, त्यानं माझ्यासमोर पकड लावली की ओ! वजन सुटलं, पण आर्मच्या बेअरिंगला जो खडखडाट आला तो आजपर्यंत गेला नाही. वजन जाम होतं ते बहुतेक वेळा वाळलेल्या ग्रीसमुळं, त्यातलं तेल उडून जातं आणि मागं डिंकासारखं राहतं. त्याला ताकद नको, ऊब पाहिजे.

नवीपेठी :
ऊब? मे महिन्यात गच्चीत ठेव की बे, हेअर ड्रायरचं लाइट बिल वाचंल.

होटगीरोडकर :
गच्चीत ठेवला तर प्लिंथ (खालचा डबा) आणि डस्ट कव्हर दोन्ही पापडासारखे वाकतील. पुढचं बोला.

तबकडीताई :
मला हे पटत नाही. पकड लावणारा चुकला हे कबूल, पण म्हणून घरचा माणूस चुकणार नाही असं कुठं आहे? बऱ्याच आर्ममध्ये वजन ज्या दांड्यावर बसतं तो दांडा मुख्य नळीला रबरानं जोडलेला असतो. तुम्ही वजन पिळणार, वजन हलणार नाही, मग तो पीळ जाणार कुठं? एकतर रबरात नाहीतर बेअरिंगमध्ये. त्या बेअरिंगचे छर्रे मोहरीपेक्षा बारीक, आणि नळीतून केसाएवढ्या चार तारा गेल्यात. एक तुटली की एक चॅनल कायमचा मुका.

मी तर सोडवलंच नसतं. तुम्हाला सुईवरचं वजन कमीच करायचंय ना? मग मागं भर घाला. तुमचा आर्म नऊ इंची असेल तर पिव्होटपासून (आर्म ज्यावर फिरतो त्या बिंदूपासून) सुई साधारण २३० मिलिमीटरवर, आणि काउंटरवेटची पाठ धरा ५० वर. पाच रुपयांचं जुनं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं असतं, ते डबल टेपनं मागं चिकटवा. ६ गुणिले ५० भागिले २३०, म्हणजे सुईवरचे १.३ ग्रॅम गेले. ३.४ चे झाले २.१. खेळ खल्लास, पान्हा नको आणि ड्रायरपण नको.

होटगीरोडकर :
हिशोब बरोबर आहे ताई, पण हा जुगाड झाला. उद्या कार्ट्रिज बदललं की परत नाणी मोजत बसायचं? आणि आर्म जड होतो ते वेगळंच.

तबकडीताई :
जड होतो पण किती? भर पिव्होटच्या जवळ आहे, तिथं अंतराचा वर्ग लागतो, सुईपाशी इफेक्टिव्ह मास (सुईला हलवावं लागणारं आर्मचं वजन) वाढतं पाव ग्रॅमच्या जरासं वर. तेवढं तुमच्या कानाला कळलं तर मी स्वतः येऊन नाणं काढून नेते. आणि जुगाडच म्हणाल तर नाणं उद्या काढता येतं, तुटलेली तार नाही.

सराफकट्टा :
मधे बोलतो. दोघं ३.४ धरून चाललाय पण काट्याची ताटली तबकडीच्या उंचीला होती का? वर ठेवून मोजलं तर आकडा चुकतो. आणि ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं, वजन उगाच जास्त दाखवतं. आधी नीट मोजा मग भांडा.

होटगीरोडकर :
परत मोजलं. मॅट काढून, काटा प्लॅटरवर ठेवून, ताटली तबकडीच्या उंचीला, वर प्लॅस्टिकचा तुकडा, अँटी-स्केट (आर्मला बाहेर ओढणारी स्प्रिंग) शून्यावर. ३.३ आलं. म्हणजे भांडण चालू.

जुना जॉबर :
मी अशोक चौकाकडच्या कारखान्यात यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) होतो, जाम नट बघण्यात हयात गेली. दोन गोष्टी सांगतो पोरांनो. एक, जाम झालेला नट सोडवायच्या आधी किंचित आवळायचा. ज्या बाजूला जायचंय तिकडंच ओढत बसलं की आटे खातात. हलकं पुढं, हलकं मागं, केसभर हलला की निम्मं काम झालं. दुसरं, तेल घालू नका. मागावर चालतं, इथं ते वाहत जाऊन बेअरिंगमध्ये बसंल आणि कापसाचं तूस धरंल, रबर असंल तर ते फुगंल. आणि आधी बघा की वजनाच्या बुडाला बारीक अ‍ॅलन स्क्रू आहे का, निम्मे लोक तो न सोडवताच पिळत बसतात.

नवीपेठी :
काका, स्क्रू असता तर एवढा धागा झाला असता का 😂

होटगीरोडकर :
स्क्रू नाही, बॅटरी लावून बघितलं. पुढची आकड्यांची रिंग फिरतीय पण ती वेगळीच फिरते, तिच्यामुळं मी दोन दिवस फसलो होतो.

(रात्री साडेअकरा)
अपडेट. सुई काढून ठेवली, हेडशेल (कार्ट्रिज बसवतात तो आर्मचा पुढचा भाग) काढलं, आर्म रेस्टला क्लिप करून ड्रायर कमी हीटवर तीन तीन मिनिटं, मधे थांबून. मागचा दांडा पिव्होटच्या लगत चिमटीत धरला, नळीला हात नाही लावला. काकांनी सांगितलं तसं आधी आत, मग बाहेर. चौथ्या वेळेला कर्र झालं आणि पाव फेरा फिरलं. आट्यात गुळाच्या काकवीसारखं काहीतरी निघालं, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. आता २.० वर आहे.

तबकडीताई :
अभिनंदन. आता बाजूनं बघा, मागचा दांडा नळीच्या रेषेत आहे का खाली झुकलाय?

होटगीरोडकर :
…झुकलाय थोडा.

तबकडीताई :
रबर गेलंय. ते तुमच्या पिळण्यानं गेलं का बारा वर्षांच्या उन्हानं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

होटगीरोडकर :
आधीचा फोटो आहे माझ्याकडं, शोधतो. उन्हानंच गेलंय.

जुना जॉबर :
फोटो सापडला की टाक.